भाकणुकीची वही

आमच्या पहिल्या पाच वर्षांच्या आराखड्यात चौदाव्या पानावर हापूसचा पल्प होता. तामलवाडीत. ज्या गावात उन्हाळा लागला की टँकरची बोलणी सुरू होतात आणि शिवारात सोयाबीन, तूर, ज्वारी आणि जिथं पाणी आहे तिथं द्राक्षं दिसतात, त्या गावात. ज्या सल्लागार संस्थेनं आराखडा करून दिला होता, तिनं आधी कोकणातल्या कुठल्याशा कंपनीचा केला असणार. गावाचं नाव बदलताना एक परिच्छेद तसाच राहिला. बँकेच्या साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं हापूस कुठं पिकतो?" मी गप्प. आमचे अध्यक्ष अण्णा मात्र डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, "देवीच्या किरपेनं पिकंल की सायेब."

चूक त्या संस्थेची होती हे खरं, पण आराखडा आमच्यापैकी एकानंही वाचला नव्हता हेही तेवढंच खरं. मीसुद्धा नाही. आणि मी तर या शेतकरी उत्पादक कंपनीची पगारी सीईओ! पदाचं नाव मोठं आहे. कचेरी म्हणजे महामार्गालगतचा शटरचा एक गाळा, त्यात एक वजनकाटा, एक मॉइश्चर मीटर, एक कॉम्प्युटर आणि बारदान्याची थप्पी. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारनं देशभरात दहा हजार शेतकरी उत्पादक संस्था उभारायची योजना आणली. व्यवस्थापनाच्या खर्चापोटी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत. त्या लाटेत आमचीही कंपनी निघाली. मी सोलापूरहून रोज तुळजापूरच्या एसटीनं येते. उळे, कासेगाव मागं पडलं की जिल्ह्याची हद्द आणि मग आमचं गाव.

त्या आराखड्यात 'बाह्य वातावरण' नावाचं एक प्रकरण होतं. पाच ओळींचं. पाऊस अनिश्चित आहे, भाव वरखाली होतात, व्यापाऱ्यांची स्पर्धा आहे, शासनाचं धोरण बदलू शकतं, तरुण वर्ग शहराकडे जातो आहे. पाचही ओळी खऱ्या होत्या आणि पाचही निरुपयोगी. त्या वाचून उद्या सकाळी कुणी काही वेगळं करेल, असं त्यांत काही नव्हतं.

सोयाबीनचं गणित मात्र माझं स्वतःचं होतं, त्यामुळं त्याचा दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही. ते मी केलं २०२१ च्या ऑगस्टमध्ये. त्या महिन्याच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. हमीभाव होता ३,९५०. मी मोठ्या सावधपणानं आठ हजार धरले. सावधपणाचं मला तेव्हा कौतुकही वाटलं होतं. त्याच महिन्यात केंद्रानं कुक्कुटपालकांच्या मागणीवरून १२ लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवं पीक बाजारात उतरू लागलं, आणि दसऱ्याच्या आत भाव जवळपास निम्म्यावर. डिसेंबरच्या २० तारखेला सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदेही थांबवले. म्हणजे पुढचा भाव काय असेल याचा अंदाज घ्यायची जी एक खिडकी आम्ही मोबाईलवर उघडून बसायचो, तीही बंद.

अण्णांना मी म्हटलं, "परवानगीची बातमी मी वाचली होती हो. पण कोंबडीवाल्यांची बातमी म्हणून वाचली. आपली म्हणून नाही."

या वाक्यावर पुढची चार वर्षं गेली.

२०२२ मध्ये पुण्यात एक प्रशिक्षण झालं. तीन दिवस, दोन वेळचं जेवण, एक जाडजूड फाईल. फाईल कुठं गेली माहीत नाही. पण तिथल्या एका वयस्क सरांनी दोन गोष्टी सांगितल्या त्या राहिल्या. एक शेल तेल कंपनीची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं पिएर वाक नावाचे एक गृहस्थ होते. तेल असंच स्वस्त मिळत राहील, असं सगळे धरून चालले होते. हा माणूस साहेबलोकांना वेगवेगळ्या भविष्यांच्या गोष्टी लिहून द्यायचा: समजा, तेलवाल्या देशांनी हात आखडता घेतला, तर? ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी खरोखरच नळ आवळला, तेव्हा शेलचे लोक इतरांइतके गडबडले नाहीत, कारण ती गोष्ट त्यांच्या कानावरून आधी गेली होती. दुसरी गोष्ट हार्वर्डच्या फ्रान्सिस अग्विलार यांची. कंपन्यांचे वरिष्ठ लोक बाहेरची खबर नेमकी कुठून मिळवतात, याचा त्यांनी अभ्यास केला आणि १९६७ मध्ये पुस्तक लिहिलं. निघालं असं, की कामाची खबर बहुतेक वेळा छापील अहवालातून येत नाही, माणसांकडून येते. ओळखीच्या, भेटणाऱ्या, बोलणाऱ्या माणसांकडून.

हे ऐकलं आणि मला हसूच आलं. कारण माणसांच्या बाबतीत तामलवाडी श्रीमंत आहे. गावाजवळून सोलापूर–धाराशिव चौपदरी रस्ता जातो, टोलनाका आहे, म्हणजे लातूरकडं जाणारा ट्रक काय भरून चाललाय हे चहाच्या टपरीवर कळतं. कोजागरीला सोलापूर आणि कर्नाटकातून लाखो माणसं पायी तुळजापूरला जातात, ती आमच्या दारावरून. तामिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्या कुठल्या महिन्यात यायला लागल्या, यावरून आमच्याकडं पाण्याचा अंदाज येतो. दिवाळीनंतर लगेच आल्या तर समजायचं, यंदा विहिरींनी हात टेकलेत. एवढं सगळं दारावरून जात होतं आणि आम्ही शटर अर्धं खाली ओढून आत आराखडा लिहीत होतो.

परत आल्यावर मी सोलापुरातून एक लाल कापडी बांधणीची वही आणली. रोजकीर्दीला वापरतात तसली, जाड. तिच्यात तीन रकाने पाडले. पहिला: काय दिसलं, कुणी सांगितलं, कधी. दुसरा: मग आपलं काय? तिसरा: कुणाला विचारायचं? बस्स. एवढीच आमची बाहेर बघायची पद्धत. नोंद महिनाभर कुणीही सांगायची, मी लिहायची, आणि अमावस्येच्या बैठकीत वाचायची. अमावस्या अशासाठी, की आमच्याकडं त्या दिवशी औत धरत नाहीत. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी ही सुट्टी टिकून आहे. संचालक हमखास मोकळे सापडतात.

पहिल्याच बैठकीत अण्णांनी वही हातात घेऊन उलटसुलट केली. "एवढं काय लिव्हायलाव मॅडम? ही तर गड्ड्याची भाकणूकच झाली की!"

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला आम्ही गड्डा म्हणतो. संक्रांतीच्या दिवसांत भरतो. होमप्रदीपनाच्या रात्री तिथं वासराची भाकणूक असते. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं धान्य, गूळ, बोरं असं बरंच काही मांडतात, आणि ते काय करतं त्यावरून येतं वर्ष सांगतात. ज्याला तोंड लावलं ते महागणार. मुतलं तर पाऊस चांगला. बुजलं तर संकट. अण्णांच्या त्या बोलण्यापासून आमच्या वहीचं नाव पडलं ते पडलंच. हिशेबनीसाच्या तोंडीसुद्धा 'भाकणुकीची वही'. मला सुरुवातीला राग यायचा. मी समजावायची, की भाकणूक काय होणार ते सांगते. आपण, असं झालंच तर काय करायचं, एवढंच विचारतोय. कुणी ऐकलं नाही. मग मीही ते नाव लावलं.

वहीनं सुरुवातीचे काही महिने फारसं काही दिलं नाही. निम्म्या नोंदी लग्नाच्या आणि राजकारणाच्या. पण २०२२ च्या कोजागरीला गावाजवळ पाय शेकत बसलेल्या कलबुर्गीकडच्या दोघांनी सांगितलं, की त्यांच्याकडं अतिपावसानं तुरी पिवळ्या पडायला लागल्यात. आमच्या एका संचालकाच्या लक्षात ती गोष्ट राहिली, कारण त्यांच्या पायांना तेल तोच चोळून देत होता. नोंद झाली. दुसऱ्या रकान्यात लिहिलं: कलबुर्गीची तूर कमी आली तर आपल्या तुरीला भाव. तिसऱ्यात: सोलापूरच्या दोन डाळमिलवाल्यांना विचारणे. विचारलं. जानेवारीपर्यंत कलबुर्गीच्या मररोगाच्या बातम्या पेपरात आल्या. ज्यांना जमलं त्या सभासदांनी तूर घरात ठेवली, आणि २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत तुरीनं दहा हजार ओलांडले. ज्यांना पैशाची नड होती त्यांनी आधीच विकली. वहीला नडीचं काही करता येत नाही.

या एका यशानं आमचं डोकं थोडं चढलं, हे कबूल करते.

वही रुळत गेली तसे जुने लोक त्यांच्या आठवणीही सांगायला लागले. एक द्राक्षवाले काका आहेत. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका वाण काढला, त्यानंतर इकडं ज्या बागा लागल्या त्यांत यांचीही. ते २०१० चं सांगत होते. द्राक्षवेलीचा शेंडा आटोक्यात राहावा म्हणून बागायतदार वर्षानुवर्षं क्लोरमेक्वाट मारायचे, सगळ्या राज्यात. युरोपातल्या प्रयोगशाळेत त्या हंगामात त्याचा अंश तपासला गेला, आणि माल तिथल्या तिथं अडकला. बागायतदार कर्जात गेले. नाशिकच्या विलास शिंद्यांची सह्याद्री फार्म्स आज एवढी मोठी दिसते, तीही त्या दिवाळ्याच्या अनुभवातून सावरत उभी राहिलेली. काका म्हणाले, "औषध नवं नव्हतं. युरोपची मर्यादा बी नवी नव्हती. फकस्त तपासनारा नवा हुता." मी हे वाक्य वहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

कारण पुढच्या डिसेंबरात आमचंही तसंच झालं.

डिसेंबर २०२३. तारीख सात आणि आठ. आठ तारखेपासून केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क लावलं होतंच, आता दारच बंद. आमच्याकडचा कांदा सोलापूरच्या बाजार समितीत जातो, आणि डिसेंबर म्हणजे तिथं गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. त्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. लिलाव बंद, लोक रस्त्यावर, मोबाईल तापलेले. माझ्या वहीत कांद्याची नोंद दीड पान आहे. दुसरा रकाना अपुरा पडला म्हणून मी समासात लिहिलंय.

त्याच्या आदल्या दिवशीची, सात तारखेची नोंद एका ओळीची आहे. एका ऊसवाल्या सभासदानं जाता जाता सांगितलेली: 'कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई.' दुसऱ्या रकान्यात, मग आपलं काय? माझ्या अक्षरात: 'काही नाही.'

तिसरा रकाना कोरा.

२०२४ च्या उन्हाळ्यात, पेरणीच्या आधीच्या अमावस्येला, एका सभासदाचा भाचा बैठकीत आला. तो सोलापूरजवळ कोंबड्या पाळतो. कॅरीबॅगमध्ये त्यानं मूठभर काहीतरी आणलं होतं. टेबलावर वर्तमानपत्र पसरून ओतलं. रंग जास्त भाजलेल्या रव्यासारखा, दाणे भरडे, हाताला किंचित तेलकट. वास मात्र आंबलेल्या पिठाचा. अण्णांनी चिमूट नाकाशी नेली आणि झटकन मागं झाले. "आरं, ही तर भट्टीची मळी वाळवलीया!"

"तसंच म्हना मामा. डीडीजीएस म्हनत्यात. मक्याचं इथेनॉल काढल्यावर खाली ऱ्हातंय ते. पेंडीच्या मानानं लई स्वस्त. मी फीडमधी पेंड कमी करून हे टाकायलोय. समदेच टाकायलेत."

कुणीतरी विचारलं, कोंबड्या खातात का? खातात म्हणाला. थोडी सवय लागते.

मी वही मागं चाळत गेले. सात डिसेंबरवर आले आणि तिथंच बसले.

साखळी अशी होती. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट सरकारनं आधीच जवळ ओढलं होतं. उसाच्या रसावर मनाई आली, नंतर थोडी सूट मिळाली, पण इथेनॉलचा ओढा धान्याकडं वळला तो वळलाच. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे केला, म्हणजे आधीपेक्षा जवळजवळ पावणेसहा रुपये जास्त. क्विंटलभर मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं आणि ३० किलोच्या आसपास हा चोथा मागं राहतो. त्यात प्रथिनं पेंडीइतकी नसतात, पण बरी असतात. चोथा फेकता येत नाही, फार काळ साठवता येत नाही, म्हणून मिळेल त्या भावाला कोंबडीच्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. जितका चोथा जातो, तितकी सोयापेंड मागं हटते.

आणि सोयाबीन म्हणजे पेंडच. आम्ही त्याला तेलबी म्हणतो, शाळेत पोरांना तसंच शिकवतात; पण क्विंटलमध्ये तेल निघतं १८ किलोच्या आसपास, ऐंशीच्या घरात पेंड. माझ्या सभासदांनी वीस वर्षं तेल म्हणून जे पिकवलं, ते खरं तर कोंबडीचं जेवण होतं. मी हे त्या दिवशी पहिल्यांदा असं बोलून दाखवलं. कुणाला आवडलं नाही.

त्या बैठकीत एक मोठा निर्णय व्हायचा होता. सोयाबीन स्वच्छता-प्रतवारीचं यंत्र घ्यायचं, प्रस्ताव तयार होता, कर्जाची बोलणी पुढं गेली होती. दोन तास वाद झाला. एक म्हणत होता, सगळे मका लावू. दुसरा म्हणाला, मका लावा आणि रानडुकरांना आवतण द्या. शेवटी जे ठरलं त्याचं श्रेय माझं नाही, वर्कशॉप चालवणाऱ्या एका संचालकाचं. तो म्हणाला, यंत्र एका पिकाचं कशाला घ्यायचं? चाळण्या बदलता येतात. तूर, हरभरा, मका, सोयाबीन, ज्याची त्याची चाळणी. थोडे पैसे जास्त गेले. आज त्या यंत्राचे निम्मे तास तूर-हरभऱ्याचे आहेत.

इथंच थांबले असते तर ही मोठी शहाणपणाची गोष्ट झाली असती. पण १४ सप्टेंबर २०२४ यायचा होता. केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. पामतेल, सोयातेल, सूर्यफूल. विधानसभेची निवडणूक तोंडावर. गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. हमीभाव ४,८९२, आता बाजार पाच हजार पार करणार, हे एसटीचा कंडक्टरसुद्धा सांगत होता. आमच्याही संचालक मंडळानं ठरवलं: माल वखारीत ठेवायचा, तारणावर उचल घ्यायची, दिवाळीनंतर विकायचा. पणन मंडळाच्या तारण योजनेत मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, सहा टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. योजना चांगली आहे. आमचा अंदाज वाईट होता.

त्या बैठकीत मी चोथ्याची नोंद वाचली होती. वाचली हे खरं, पण कशी? हजेरी घेतल्यासारखी. कारण मलाही पाच हजार हवे होते. दोन वर्षांचा तोटा एका हंगामात भरून निघाला असता, माझा थकलेला पगार निघाला असता. तेल महागलं तरी भार पेंडीवर आहे, हे मला सगळ्यांत आधी माहीत होतं, आणि मी ते एका दमात वाचून पान उलटलं.

भाव चार हजार-सव्वाचारच्या आसपास रेंगाळला. सगळा दोष चोथ्याचा असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी जगातच सोयाबीन मुबलक होतं. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची अट आधी १२ टक्के, नोव्हेंबरात ती १५ केली, मग कुठं बारदाना नाही तर कुठं नंबर लागत नाही. वखारीचं भाडं, व्याज आणि वाळून आलेली तूट यांचा हिशेब मी जानेवारीत मांडला, तेव्हा एक संचालक, एरवी फार न बोलणारे, म्हणाले, "वहीत लिव्हलं हुतं मनता. मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं होतं की, बापू. वाचलं होतं."

"वाचून दावलं. सांगितलं न्हाई."

त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. नंतर आम्ही एक बदल केला. मोठी नोंद आली की ती मी वाचत नाही. त्या नोंदीनं ज्याचं सगळ्यांत जास्त नुकसान होणार, त्यानं ती मांडायची. यंत्राची हौस ज्याला, त्यानंच यंत्र का घेऊ नये ते सांगायचं. हे फार अवघड जातं. एकदा एक जण मध्येच उठून तंबाखू थुंकायला म्हणून गेला तो परत आलाच नाही.

त्याच जानेवारीत अण्णा म्हणाले, चला, खरी भाकणूक तरी बघून येऊ. होमप्रदीपनाच्या रात्री आम्ही पाच-सहा जण होम मैदानावर गेलो. थंडी, धूर, हलगी, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि माणसंच माणसं. मला वासरू दिसलंच नाही. पुढच्या माणसांचे खांदे दिसत होते आणि त्यांच्या चेहऱ्यांवरून आत काय चाललंय ते समजून घ्यायचं. गलका झाला की कळायचं, काहीतरी केलं. पुढून निरोप मागं यायचे. एक म्हणाला गुळाला तोंड लावलं, दुसरा म्हणाला नुसतं हुंगलं. तिसरा म्हणाला, हुंगणं म्हणजेच तोंड लावणं. सकाळच्या एसटीत उळ्याच्या माणसाची भाकणूक वेगळी आणि कासेगावच्या माणसाची वेगळी.

अण्णांना मी विचारलं, "ते वासरू दिवसभर उपाशी का ठेवतात हो?"

"पोट भरल्यालं असल्यावर ते कशाला कशात बघंल?"

परतताना मी सप्टेंबरमधल्या बैठकीचा विचार करत होते. आम्ही सगळे तेव्हा पाच हजार जेवून बसलो होतो.

आता सध्याचं. वहीत रेल्वेच्या बऱ्याच नोंदी आहेत. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव मार्ग, ८४ किलोमीटर. जानेवारी २०१९ मध्ये पंतप्रधानांनी सोलापुरात त्याची पायाभरणी केली, आता भराव दिसायला लागलेत. शक्तिपीठ महामार्गाचा वाद चालूच आहे. कृष्णेचं पाणी रामदरा तलावात येण्याची वाट बघण्यात एक पिढी म्हातारी झाली. या सगळ्यांचा दुसरा रकाना आम्ही भरला आहे: गोदाम कुठं, पीक कुठलं, जमिनीला भाव काय. त्या नोंदी वाचताना बैठकीत जाग असते.

पण मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच एका कागदाची, आणि तो बाहेरून आलेलाच नाही. सभासदाच्या शेअर अर्जात वारसदाराचा रकाना असतो. नाव, नातं, पत्ता. गेल्या वर्षी ऑडिटसाठी मी ते सगळे अर्ज एका बैठकीत चाळले. सुरुवातीच्या अर्जांत वारसाचा पत्ता बहुतेक 'वरीलप्रमाणे'. नंतरच्या अर्जांत हडपसर, चाकण, वाघोली, पिंपरी. कायद्यानं उत्पादक कंपनीचा सभासद उत्पादक असावा लागतो. शेती सुटली की भाग परत करायचे. दहा वर्षांनी आमच्या कंपनीत चाळण्या असतील, गोदाम असेल, आणि सभासद?

मागच्या महिन्यात अण्णाच आले. हातात आधार कार्डाची झेरॉक्स. वारसदाराचा पत्ता बदलायचा होता. मुलगा वाघोलीत फ्लॅट घेऊन राहिलाय, सून तिथंच एका दवाखान्यात नोकरीला आहे. मी अर्ज काढला. 'वरीलप्रमाणे' वर रेघ मारली, नवा पत्ता लिहिला, अण्णांनी शेजारी सही केली. मग मी लाल वही ओढली आणि त्यांच्यासमोरच नोंद लिहायला घेतली. अध्यक्षांच्या वारसाचा पत्ता वाघोली. अण्णा बघत होते. दुसऱ्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

"काही न्हाई म्हून लिव्हू नगा," अण्णा म्हणाले.

"नाही लिहीत."

बाहेर टोलकडं जाणारा ट्रक गिअर बदलत होता. अण्णांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"तो रकाना ऱ्हाऊ द्या आत्ता. फुडचा भरा. कुनाला इचारायचं."

"कुणाला विचारायचं, अण्णा? मुलाला?"

"त्येला काय कळतंय. सुनंला इचारा."